शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी नऊ वर्षांनी बंद, बदल्यात धुऱ्यावर काट्या : समेटाचा कागद कसा करावा?

तंटामुक्ती_काटोल

नमस्कार मंडळी. गावच्या तंटामुक्त समितीपुढे आलेलं प्रकरण मांडतो. गाव काटोल तालुक्यातलं, नावं देत नाही. एकाला विहीरवाला म्हणू, दुसऱ्याला बागवाला.

दोन वावरं, मधात एकच धुरा (बांध). विहीर विहीरवाल्याच्या वावरात : २० फूट घेर (म्हणजे आडवा व्यास), ४२ फूट खोल, ५ एचपीची सबमर्सिबल. त्याचा स्वतःचा अडीच एकर संत्रा, ठिबकवर. बागवाल्याचा दोन एकर संत्रा, लागवड ६ बाय ६ मीटरवर, झाडं अकरा वर्षांची, आंबिया बहार धरलेला. त्याच्या वावरात विहीर नाही, बोअर कोरडी गेली. नऊ वर्षं विहीरवाल्याचं पाणी ६३ मिमीच्या पाइपातून, जमिनीखालून ४०० फूट यायचं. पाइपाचा खर्च बागवाल्याचा. विजेचं बिल अर्धंअर्धं. बदल्यात विहीरवाल्याचा ट्रॅक्टर, बंडी, संत्र्याची गाडी बागवाल्याच्या वावरातून, धुऱ्याच्या कडेनं आठ-नऊ फुटांच्या पट्ट्यावरून जायची. कागद कसलाच नाही.

फेब्रुवारीत मोटर जळाली. विहीरवाला म्हणतो, रात्री तूच चालवत होतास, भरपाई दे. बागवाला म्हणतो, मोटर जुनीच होती. त्यात विहीरवाल्यानं बागवाल्याचा सातबारा पाहिला, त्यात सिंचनाचं साधन 'विहीर'. म्हणजे विहिरीवर हक्क लावायला निघाला, असं त्याच्या डोक्यात बसलं. स्टार्टरच्या पेटीला कुलूप, पाइपाचा जॉइंट सोडलेला. दुसऱ्या दिवशी बागवाल्यानं पट्टा नांगरला अन् तोंडाशी बाभळीच्या काट्या टाकल्या.

आज बारा दिवस झाले. फळ बोराएवढं आहे अन् गळ सुरू झाली. दोघंही समितीसमोर बसायला तयार आहेत. कागद काय करावा, कोणाचं म्हणणं कायद्यात टिकतं, अन् तोवर बागेचं काय?

आंबिया_मृग

कागद आठ दिवसांनी झाला तरी चालेल, बाग आठ दिवस थांबणार नाही. आधी पाणी.

काट्या आणि कुलूप दोन्ही एकाच सकाळी, एकाच वेळी काढा. अगोदर कोण, या प्रश्नावरच अशा बैठका मोडतात. 'पंधरा दिवसांपुरतं, कोणाच्याही हक्काला बाध न येता' एवढी एक ओळ समितीच्या वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या.

पाणी सुरू झालं की बागवाला पहिल्याच दिवशी आळी तुडुंब भरेल. तसं करू देऊ नका. बारा दिवसांच्या ताणानंतर एकदम भरपूर पाणी दिलं की गळ आणखी वाढते. पहिले दोन दिवस अर्धं, मग पुढं. आळं दुहेरी रिंगचं करा, आतल्या वरंब्यानं खोडाला पाणी लागायला नको, नाहीतर पावसाळ्यात डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) पाहाल. झाडाच्या घेरात सोयाबीनचं कुटार (भुसा) चार बोटं जाड अंथरा, खोडापासून हातभर सोडून. उधई (वाळवी) असेल तर आधी तिचा बंदोबस्त.

आता खरा प्रश्न. नऊ वर्षं दोघांनीही मोजलं नाही की विहीर देते किती अन् दोन बागांना लागतं किती. या वयाच्या झाडाला एप्रिल-मेमध्ये आळ्यातून द्यायचं तर रोजचं १५० लिटर धरा. एकरी १११ झाडं म्हणजे बागवाल्याची सुमारे २२०, रोजचं ३३ हजार लिटर. विहीरवाल्याची २७७, त्याला साडेएक्केचाळीस हजार. बेरीज ७४ हजारांच्या वर.

विहीर किती देते ते असं मोजा. संध्याकाळी मोटर पाणी सोडेपर्यंत चालवा, दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी घ्या, गाठ मारा. सकाळी परत. मग चोवीस तासांनी परत. मधात मोटर कोणीच लावायची नाही. २० फूट घेराला एक फूट पाणी म्हणजे जवळपास ८,९०० लिटर. आकडा आला की सांगा, मग वाटणीचं बोलू. दोघांना मोजणीच्या वेळी विहिरीवर उभं ठेवा, नाहीतर आकड्यावरून नवीन भांडण.

वाइंडिंग_कळमेश्वर

मोटर कोणामुळं जळाली हे तोंडी ठरवू नका. ती अजून उघडली नसेल तर दोघांना दुकानात समोर बसवून उघडा. उघडून भरून आणली असेल तर जुनं तांबं भंगारात गेलं का विचारा. कॉइल पाहिल्याशिवाय कोणाला दोष देण्यात अर्थ नाही.

तिन्ही फेजचे कॉइल सारखे काळे पडले असतील तर लोड जास्त, व्होल्टेज कमी, नाहीतर पंप अडकला होता. स्टार जोडणीत दोन फेजचे कॉइल काळे अन् एक लालचुटूक शाबूत, म्हणजे एक फेज गेला होता अन् मोटर दोनावर घुमत राहिली. डेल्टा असेल तर उलट : एक काळा, दोन शाबूत. एकाच जागी तांबं वितळलेला ठिपका असेल तर इन्सुलेशन फाटलं, ते जुनेपणाचं. पाणी संपल्यावर कोरडी चालली असेल तर कॉइलच्या आधी बुश, थ्रस्ट बेअरिंग अन् पंपाचे इंपेलर जातात. इंपेलर घासून, वितळून वाकडे दिसतील.

म्हणजे इंपेलर गेले असतील तर ज्याची पाळी होती त्यानं विहिरीत पाणी पाहिलं नाही, त्याचा दोष. एक फेज गेला असेल तर रात्री कोण चालवत होतं याचा प्रश्नच नाही. तिथं स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारा) अन् सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की बंद करणारा) काय करत होता ते पाहा. दहातल्या आठ पेट्यांत ओव्हरलोड 'डायरेक्ट' केलेला, म्हणजे वगळून तार सरळ जोडलेली, सापडतो, कारण तो ट्रिप होतो तेव्हा रात्री वावरात जावं लागतं. ५ एचपीला चालू करंट ७-८ अँपिअर. रिले १२-१४ वर लावून ठेवला असेल तर तो शोभेचा.

नवीन मोटर सोडताना ड्राय रन (कोरडं चालणं) अन् सिंगल फेज दोन्ही पाहणारं पॅनेल बसवा, ५ एचपीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर बसवा, अन् ऑटो स्विच काढा. लाइन येताच सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की डीपीच (ट्रान्सफॉर्मर) बसते, मग गावाशीच भांडण.

सजा_नंबर_नाही

कायद्याचं सांगतो, दोघांनाही कडू लागेल.

बागवाला : त्यानं पाणी परवानगीनं घेतलं. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२, कलम १५ प्रमाणं वीस वर्षांच्या वहिवाटीनं हक्क होतो तो 'हक्क म्हणून' वापरलेल्याचा. मागून घेतलेलं पाणी वीस काय चाळीस वर्षं घेतलं तरी ते परवानगीच राहतं. इथं तर नऊच वर्षं. परवानगी देणाऱ्याला काढता येते. कलम ६० मध्ये एक अपवाद आहे : परवानगीवर विसंबून घेणाऱ्यानं खर्च करून पक्कं काम केलं असेल तर ती काढता येत नाही. ४०० फूट गाडलेला पाइप त्यात बसतो असं वकील म्हणेल. म्हणू द्या. तो वाद दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं चालेल अन् फळ पुढच्या आठवड्यात गळेल. एवढं मात्र खरं की परवानगी काढली तरी कलम ६३ प्रमाणं सामान काढून न्यायला वाजवी मुदत द्यावी लागते. पाइप कापणं, फोडणं हा वेगळा गुन्हा होईल. जॉइंट सोडलाय तेवढ्यावर थांबलेलं बरं.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदार दुसऱ्याच्या वावरातून पाइप टाकायची परवानगी देतो, हे खरं आहे : गाडलेला पाइप किमान अर्धा मीटर खोल, सगळ्यात जवळच्या वाटेनं. पण ज्या पाण्यावर आपला हक्क आहे त्याच पाण्यासाठी. इथं तोच नाही.

विहीरवाला : सातबाऱ्यात 'विहीर' दिसली म्हणून घाबरायचं काहीच कारण नाही. ती नोंद ई-पीक पाहणीत बागवाल्यानं स्वतः मोबाइलवर टाकलेली आहे, पिकाला पाणी कशातून मिळालं एवढंच ती सांगते. ती गाव नमुना १२ ची बाजू. हक्क लागतो नमुना ७ च्या 'इतर हक्क' रकान्यात, तोही फेरफार होऊन, नोटीस निघून. फेरफार नाही तर हक्क नाही. पटवाऱ्याकडं जाऊन दोघांनी एकत्र सातबारा वाचावा, अर्धं भांडण तिथंच संपेल.

आता वाट. इथं बागवाल्यानं घाई केली. संहितेच्या कलम १४३ खाली धुऱ्यावरून जाण्याचा हक्क तहसीलदार चौकशी करून ठरवू शकतो, अन् तिथं गरज किती, दुसरी वाजवी वाट आहे का, हे पाहिलं जातं. शिवाय चालू वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली अडथळा काढायचा दावा करता येतो. मुदत अडवल्यापासून सहा महिने. विहीरवाल्याला दुसरी वाट नसेल तर त्याची बाजू बागवाल्यापेक्षा जड आहे. म्हणजे पाण्यात बागवाला कमजोर, वाटेतही बागवालाच कमजोर. हे त्याला समितीनं चार लोकांपुढे न सांगता एकट्यात सांगावं.

एक विदर्भातली गोष्ट लोक विसरतात. आपल्याकडं गावाचा वाजिब-उल-अर्ज असतो. संहितेच्या कलम १६५ प्रमाणं खासगी जमिनीतून जायच्या वाटा, पाण्याच्या वहिवाटी यांच्या गावातल्या रूढी त्यात नोंदवतात. तहसीलच्या अभिलेखातून नक्कल काढा. तो पट्टा जुनी बंडीवाट म्हणून त्यात निघाला तर 'परवानगीची वाट' हा वादच उरत नाही.

वऱ्हाडी_बंडी

काहून जी एवढा कायदा? नऊ वर्षं कागदाबिगर चाललं ना? कागद केला का शेजार गेला. दोघायले चहा पाजा, काट्या काढा, कुलूप काढा. मोटरीचे पैसे अर्धे अर्धे.

आंबिया_मृग

बंडीभाऊ, कागदाबिगर चाललं ते देवाणघेवाण चालू होती म्हणून. या प्रकरणातलं मला दिसलेलं सगळ्यात मोठं कारण कोणी बोललंच नाही. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल सरकार भरतंय. तोवर बागवाला अर्धं बिल द्यायचा, म्हणजे विहीरवाल्याच्या हातात वर्षाला काहीतरी पडायचं. बिल शून्य झालं तसा बागवाल्याचा वाटाही शून्य झाला. मोटर, केबल, स्टार्टर, गाळ काढणं सगळं विहीरवाल्याच्या डोक्यावर राहिलं. बागवाल्याला ते दिसलं नाही, कारण त्याच्या बाजूनं काहीच बदललं नव्हतं. मोटर जळाली तेव्हा ते बाहेर आलं. अर्धे पैसे देऊन हा हिशेब मिटत नाही, पुढच्या उन्हाळ्यात परत निघेल.

आणि कोणी सुचवायच्या आधी : त्याच मीटरवर बागवाल्यासाठी वेगळी ३ एचपी लावू नका. ५ आणि ३ मिळून ८ झाले, म्हणजे साडेसातच्या वर. माफी जाईल अन् मंजूर भारापेक्षा जास्त वापर म्हणून दंड वेगळा.

तंटामुक्ती_काटोल

सगळ्यांचे आभार. काट्या अन् कुलूप काल सकाळी सात वाजता एकदमच निघालं. आकडे आणलेत.

पातळी : संध्याकाळी मोटरनं पाणी सोडलं तिथपासून सकाळपर्यंत साडेचार फूट चढली, चोवीस तासांत सहा फूट. म्हणजे २० फूट घेरानं ५३ हजार लिटर, ७४ हजार नाही.

मोटर उघडलेली होती पण दुकानदारानं जुने कॉइल ठेवले होते. दोन काळे, एक शाबूत, जोडणी स्टार. इंपेलर चांगले. डीपीवरचा एक फ्यूज त्या रात्री गेला होता असं तिसरा शेजारी सांगतो. ओव्हरलोड डायरेक्टच होता. कोणी केला याचं उत्तर दोघंही देत नाहीत, आम्हीही पुन्हा विचारलं नाही.

विहीरवाल्याची आणखी एक तक्रार : 'त्याच्या पाळीला मोटर दोन-दोन तास चालते, माझ्या बागेला एक तास पुरतो.' याचं काय?

पाइप_मोटर_नरखेड

ती तक्रार खरी आहे, पण चोरी नाही. दोष ६३ च्या पाइपाचा.

बागवाल्याच्या टोकाला २०० लिटरचा ड्रम ठेवून घड्याळ लावा. साधारण ४० सेकंदांत भरेल, म्हणजे तासाला १८ हजार लिटर. विहिरीजवळ तोच ड्रम २५-३० सेकंदांत भरेल. ५ एचपीचं पाणी ६३ मधून ४०० फूट ढकलायचं म्हणजे पाइपाच्या घर्षणातच मोटरीचा बराच जोर खर्च होतो. विहिरीची खोली तेवढी वाढल्यासारखंच. ७५ चा टाकला तर घर्षण निम्म्याहून खाली, ९० चा टाकला तर सहाव्या हिश्शावर. ४०० फूट म्हणजे २० फुटी २० पाइप. हा खर्च बागवाल्यानं करावा, भरपाई म्हणून नव्हे तर मोटर कमी चालावी म्हणून. बदलताना अर्धा मीटर खोल घाला, ट्रॅक्टरचा नांगर लागतो.

आणि तासावर वाटणी कधीच करू नका. एका आठवड्यात दिवसा आठ तास लाइन, दुसऱ्यात रात्री दहा तास, त्यात मधात जाते. ज्याच्या पाळीत लाइन गेली तो दुसऱ्याच्या पाळीत घुसतो अन् भांडण तिथं सुरू होतं. वाटणी फुटावर करा. विहिरीत ज्याच्या वाट्याचे जितके फूट, तितके उपसले की मोटर बंद, मग त्याला एक तास लागो की तीन.

गाळ_काढणारा

एक चूक दिसते. २० फूट घेर मोजला कुठं? वरच्या बांधकामावर मोजला असेल तर आकडा फसवा आहे. आपल्याकडं वर बांधकाम, खाली मुरूम अन् काळा दगड, दगडात खोदाई आत आत येते. एप्रिलचं पाणी तिथंच असतं. पाण्याच्या पातळीला घेर घ्या : काठीला दोरी बांधून समोरच्या भिंतीला टेकवून.

तंटामुक्ती_काटोल

बरोबर आहे. वर २०, पाण्याजवळ १८.

आंबिया_मृग

म्हणजे फुटाला ८,९०० नाही, ७,२०० लिटर. सहा फुटांचे ४३ हजार. वीस टक्के पाणी कागदावरच होतं. बरं झालं आत्ता निघालं.

विहीर त्याची, म्हणून त्याचा वाटा मोठा. पाचात तीन त्याला, दोन बागवाल्याला. रोजच्या ४३ हजारांत विहीरवाल्याला झाडामागं ९३ लिटर पडतात, बागवाल्याला ७८. ९३ वर ठिबकची बाग कुटार टाकून निघते. ७८ वर आळ्यानं पाणी देऊन निघणार नाही, निम्मं आळ्यातच उडतं. बागवाल्याला ठिबक करावंच लागेल : झाडाला दोन नळ्या, मिळून सहा ड्रिपर, आठ लिटरचे. ७८ लिटर पावणेदोन तासांच्या आत जातं. अन् यंदा प्रत्येक झाडावर सगळं फळ ठेवायचा हट्ट नको. ज्या झाडांवर आधीच निम्मी गळ आहे तिथलं बारीक फळ हातानं उतरवून टाका, उरलेलं पोसू द्या. सगळं धरलं तर सगळंच लिंबाएवढं राहील अन् खरेदीदार बागेत शिरणार नाही.

पाच दिवसांची पाळी ठेवू नका, झाडाला पाच दिवस थांबवायचं नसतं. रोज सहा फुटांतले साडेतीन-पावणेचार विहीरवाल्याचे, उरलेले बागवाल्याचे.

सजा_नंबर_नाही

आता कागद. पहिलं म्हणजे शीर्षक 'परवानगीपत्र' ठेवा. 'विहिरीचा हक्क', 'हिस्सा', 'भागी' असले शब्द आले की विहीरवाला सही करणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. पाण्याचा कायमचा हक्क लिहून द्यायचा तर तो नोंदणीकृत दस्तानंच, ५०० च्या मुद्रांकावर नोटरी करून तो हक्क होत नाही. परवानगीला नोंदणी लागत नाही.

मजकूर साधारण असा : 'विहीर, मोटर व वीजजोडणी पहिल्या पक्षाच्या मालकीची आहे हे दुसऱ्या पक्षास मान्य आहे. दुसरा पक्ष फक्त परवानगीने पाणी घेत आहे, त्यावरून कोणताही हक्क सांगणार नाही. ई-पीक पाहणीतील सिंचनाची नोंद ही हक्काची नोंद नाही.' याच धर्तीवर वाटेचं उलट वाक्य, पट्ट्याची रुंदी फुटांत, कोणत्या गटातून, कोणत्या दिशेनं. पण वाजिब-उल-अर्जाची नक्कल येईपर्यंत वाटेच्या वाक्यात 'परवानगी' हा शब्द घालू नका. नुसतं 'वापर चालू राहील' लिहा. जुनी वाट निघाली तर विहीरवाल्यानं स्वतःच्या हातानं हक्क सोडल्यासारखं व्हायला नको.

मुदत दोन बहारांची, संपल्यावर नव्यानं. मधात बंद करायचं तर नोटीस, आणि ही नोटीस जानेवारी ते जून या काळात देता येणार नाही. हे कलम बागवाल्यासाठी सगळ्यात मोलाचं. उन्हाळ्यात फळ झाडावर असताना पाणी बंद नाही. त्याच्या बदल्यात : वाट पेरणी ते तोड कधीही नांगरायची नाही.

खर्च : मोटर, केबल, पॅनेल, गाळ यांचा खर्च पाण्याच्या वाट्यानं, तीन हिस्से अन् दोन हिस्से. कोरडी चालून इंपेलर गेले तर ज्याची पाळी त्याचा पूर्ण. या मोटरीचा खर्च कसा वाटायचा ते तुम्ही ठरवा, पण एक फेज जाऊन जळाली आहे हे कागदात लिहा, म्हणजे तो विषय परत निघणार नाही. विहीरवाल्यानं वावर विकलं किंवा मुलांत वाटणी केली तर काय, तेही लिहा : नवीन मालकावर हा कागद बंधनकारक नाही, पण चालू बहार संपेपर्यंत पाणी देण्याची जबाबदारी पहिल्या पक्षाची. हे मुलांना बसवून वाचून दाखवा.

समितीच्या वहीत लिहिलेला समेट तिथंच राहतो. त्याला दात हवे असतील तर दाखलपूर्व (कोर्टात दावा लावण्याआधीचं) प्रकरण म्हणून तालुका विधी सेवा समितीमार्फत लोकअदालतीत ठेवा. फी नाही. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही. दोघांनी सह्या समजून कराव्या, म्हणून कागद आदल्या दिवशी घरी द्या.

कोणी सलोखा योजना सुचवेल. ती इथं नाही लागत. ती एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात अन् दुसऱ्याची पहिल्याच्या, तीही बारा वर्षं, अशांच्या अदलाबदलीसाठी आहे.

वऱ्हाडी_बंडी

जानेवारी ते जून वालं कलम पटलं. बाकी कागदाले माझा विरोध कायमच हाय. पण एक सांगा, फूट मोजायचे कोणी? रोज दोरी घेऊन दोघं विहिरीवर उभे राहणार का?

तंटामुक्ती_काटोल

हाच प्रश्न विहीरवाल्यानंही काढला. आतल्या दगडावर पांढऱ्या रंगानं रेघा मारायचं चाललंय.

गाळ_काढणारा

रंग एका पावसाळ्यात शेवाळाखाली जातो, अन् परत उतरून मारायला कोणी जात नाही. त्यापेक्षा दोन इंची पीव्हीसीचा २० फुटी पाइप घ्या, आरीनं दर फुटाला खाच पाडा, खाचेत लाल इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळा. दर पाचव्या फुटाला दुहेरी. बांधकामाच्या कठड्यात दोन क्लॅम्प मारून सरळ खाली सोडा, टोकाला विटेचं वजन, म्हणजे हलणार नाही. ४२ फूट विहिरीत २० फुटी पाइप पाण्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून दोन पाइप सॉकेटनं जोडून सोडा अन् जोडावर सॉल्व्हंट लावा. विहिरीच्या पूर्वेच्या बाजूला लावा. दुपारनंतर ऊन त्या भिंतीवर येतं, पाळी दुपारी बदलत असेल तर वरूनच टेप दिसतो, खाली उतरायचं काम नाही.